कोरा फ्लॅश

देवाने माणसाला तोंड दिलं ते फोटो मागण्यासाठी, असं चौलच्या श्रेयसचं ठाम मत झालं होतं. दहा वर्षं तो रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत लग्नं, हळदी, बारशी आणि बोटींच्या पूजा टिपत फिरत होता. कुठल्या स्टुडिओत नोकरीला नाही, आपला धंदा आपण. या दहा वर्षांत फोटो काढताना गाळला नसेल तेवढा घाम त्याने कॉप्या मागणाऱ्यांना टाळताना गाळला होता. नवरीची मावसबहीण म्हणणार, माझा एकटीचा पाठवा, शेजारची काकू कापून. काकू म्हणणार, ती बया कापून मला द्या. नवऱ्याचा मित्र म्हणणार, कोपऱ्यातलं तुमचं नाव काढा, जरा घाण दिसतं. लग्नात जेवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आचाऱ्याच्या दारात डबा घेऊन उभा राहतो का, असं त्याला एकेकाला विचारावंसं वाटे. विचारत मात्र कधी नसे. गोड बोलणं हा धंद्याचा अर्धा भाग असतो, आणि त्या अर्ध्या भागात श्रेयस भलताच तयार होता.

त्याच्याकडे दोन युक्त्या होत्या. पहिली कोऱ्या फ्लॅशची. बिनकामाचे पाहुणे समोर येऊन दात काढून उभे राहिले की तो कॅमेरा डोळ्याला लावी आणि शटरला बोटही न लावता फ्लॅशच्या पाठीवरचं बारीक बटण दाबी. लख्ख उजेड पडे. "एक नंबर आलाय!" असं तो म्हणे आणि मंडळी खूश होऊन पंगतीकडे वळत. फोटोच नाही म्हटल्यावर निवडायला नको, सुधारायला नको. रोलच्या जमान्यात जुने फोटोग्राफर हे करत, कारण रोलमध्ये फोटो छत्तीसच असत. याच्या कार्डात चार हजार मावत होते. पण आळस एकदा अंगवळणी पडला की त्याला कारण लागत नाही.

दुसरी युक्ती फोनवरची. कोणी कॉपी मागितली की हा सांगे, "अहो, तुमचा फोटो त्यांच्याकडे कधीच दिलाय, त्यांच्याकडून घ्या की." 'ते' म्हणजे फोटोतला दुसरा माणूस, जो त्या वेळी फोनवर नसे. मग ती दोन माणसं एकमेकांत बघून घेत. याच्या डोक्याचा ताप गेला.

थळच्या परेशने मुलीच्या, प्राप्तीच्या, हळदीला त्याला बोलावलं तेव्हाही दोन्ही युक्त्या बरोबर होत्याच. मांडवात बँजो चालू, बाया नाचताहेत, सगळ्यांचे मोबाइल नाचावर रोखलेले. तेवढ्यात एका बाकावरून हाक आली, "ए फोटोवाल्या, आमचा दोघांचा काढ!" बाकावर नामा आणि त्याची धाकटी बहीण ठमी, दोघं म्हातारी. एकाच आळीत समोरासमोर राहून बावीस वर्षं ती एकमेकांशी बोलली नव्हती. ठमीच्या नवऱ्याची आणि नामाची होडी भागीत होती, नवरा गेल्यावर एका जाळ्याच्या वाटणीवरून जे बिनसलं ते बिनसलंच. परेशने मुद्दाम दोघांना एका बाकावर बसवलं होतं. आणि काय झालं कोण जाणे, नामाने वाटीतली हळद घेऊन बहिणीच्या गालाला लावली. विधवेला हळद कोण लावतं? भावाने लावली. ठमी रडत होती, हसत होती, आणि तिला तेव्हाच्या तेव्हा फोटो हवा होता.

श्रेयसला नवरीची एंट्री पकडायची होती. त्याने कोरा फ्लॅश मारला. ठमी म्हणाली अजून एक, तर अजून एक मारला. याला औदार्य म्हणायचं.

आठवड्याने नामाचा फोन आला. "ठमीमावशींकडे दिलाय," श्रेयसने सांगितलं. चार दिवसांनी ठमीचा आला. "नामाकाकांकडे दिलाय." फोन ठेवून तो आंघोळीला गेला.

नामा वाट बघत बसला की बहीण फोटो आणून दाखवील. ठमी वाट बघत बसली की भाऊ बोलावील. मग त्याने विचारलं, तिने उलट विचारलं. तुझ्याकडं हाय, न्हाय, तुझ्याकडंच हाय, असं करत ओट्यावर आवाज चढले. नामाने आळीतल्या बारा घरांत सांगितलं, जाळं दाबलं तशी हिनं फोटूही दाबला, चोर ती चोरच. एवढ्या वर्षांनी जुळलेलं तीन आठवड्यांत मोडलं.

ठमी एस्टीने चौलला आली तेव्हा श्रेयस वाडीतल्या घरी जेवून सुपारी कातरत होता. ती पायरीवरच बसली.

"मना फोटू नको आता," ती म्हणाली. "तू निस्ता थळला चल आन् त्याला सांग, फोटू कोनाकडं दिलास. तो सत्तरीचा झाला, मी पासष्टीची. आता आनखी बावीस वर्सं न्हाईत आमच्याकडं."

एखाद्याने तिथेच कान पकडले असते. श्रेयसला मात्र हायसं वाटलं. फोटोच हवा ना? मग बनवू! "कॉम्प्युटरात कॉपी असेल, बसा मावशी," म्हणून त्याने आईला चहा टाकायला सांगितला आणि आत जाऊन कामाला लागला. हळदीच्या सकाळच्या पूजेतली ठमी कापली, पंगतीतला नामा कापला, दोघांना एका रिकाम्या बाकावर चिकटवलं, सावल्या जुळवल्या. खरा फोटो काढायला एक क्षण लागला असता, खोट्याला तास लागला. पण काम असं सफाईदार झालं की त्याला स्वतःचं कौतुकच वाटलं. ताजा प्रिंट त्याने ठमीच्या हातात दिला.

तिने तो लांब धरला, जवळ धरला, पदराने पुसला.

"हलद कुठं हाय?"

"काय?"

"माझ्या गालाची हलद. त्यानं लावलेली."

श्रेयसने प्रिंटवर वाकून बघितलं. "ती... फ्लॅशच्या उजेडात उडाली असेल, मावशी."

"उजेडानं हलद उडते व्हय?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "तवा तू फोटू काढलाच न्हाईस. आमाला निस्ता उजेड दावलास."

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. श्रेयसने मान खाली घातली. एवढी लाज त्याला आजवर वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तीही आई ऐकत होती म्हणून जास्त वाटली. ठमीने शिवी दिली नाही. प्रिंट पायरीवर ठेवून उठली आणि म्हणाली, "काढ गाडी."

थळला नामा ओट्यावर बसला होता. बहिणीला बघून त्याने तोंड फिरवलं. श्रेयसने घसा खाकरून फोटो काढलाच नव्हता हे सांगितलं, आणि दोघांना खोटं सांगितलं तेही. नामाला पटायला जरा वेळ लागला. मग तो ठमीकडे वळला. "तवा मासलीचं जालं तरी हुतं गं," तो म्हणाला. "फोटू तर नव्हताच. नसलेल्यासाटी मी तुला चोर म्हनलो." ठमी त्याच्या शेजारी बसली आणि त्याने तिचा हात घट्ट धरला.

श्रेयसने घाईघाईने कॅमेरा काढला. "असेच बसा काका, आत्ता काढतो, खरा."

"ठेव तो पिशवीत," नामा उठत म्हणाला. "मी बारा घरांत हिला चोर केलीय. चल, बारा घरांत तू सांग."

पहिलं घर नलूचं. ती मासळीची पाटी धूत होती. श्रेयसने मघाचंच पुन्हा सांगितलं. अंगणात लोक जमू लागले होते, त्यामुळे बारीक आवाजात सांगून भागलं नाही. नलूने सगळं ऐकलं आणि ओले हात लुगड्याला पुसले.

"मंग आमचा रं?" तिने विचारलं. "गेल्या नारली पुनवेला सासूसंगती काढलास तो? म्हातारी गेली माझी वैशाखात. तू म्हनलास, नंदेकडं दिलाय. मी नंदेशी बोलत न्हाय तवापासून."

श्रेयसने ती नारळी पौर्णिमा आठवून पाहिली. तो उजेड खरा होता की कोरा, हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

"सांग तिला लवकर," मागून नामा म्हणाला. "अजून अकरा घरं हायेत."