नागसेनची बॉर्डर

नागसेन माझा पोटचा पोर, पण त्याची एक खोड मला मुळीच पटत नाही. दुसऱ्याच्या कामात हात घालतो आणि वर शाबासकीची वाट बघत बसतो. टेम्पोवर, दुकानांच्या पाट्यांवर नावं रंगवायचा धंदा त्याचा. रेघ दोऱ्यासारखी सरळ. अक्षर झालं की त्याला काळी बॉर्डर मारायची, म्हणजे उठाव येतो. ताटात भाकरी वाढली तर तिलाही मारील.

त्याची लेक संघरत्ना पूर्णा गावच्या गोदामात ड्युटी करते आणि सुट्टीला चित्रं काढते. तिने भिवंडीतल्या टेमघरचा आमचाच रस्ता काढला होता, दिवस बुडतानाचा. लूममधून उडालेलं कापसाचं तूस उन्हात पिवळं झालेलं, त्यात टेम्पो, माणसं, सगळं एकमेकांत विरघळलेलं. नुसते रंगाचे फटकारे. मी म्हटलं, बये, यात कोणाला नाकच नाही. ती म्हणाली, आजी, लांबून बघ. लांबून बघितलं तर ओट्यावर मी बसलेली. एक निळा ठिपका, पण तंबाखू मळताना माझा डावा खांदा उतरतो तसाच उतरलेला. ठाण्याच्या प्रदर्शनासाठी ते निवडलं होतं. तिचं पहिलंच. उद्या न्यायचं होतं.

आज ती ड्युटीवर असताना नागसेनने चित्रातल्या सगळ्या माणसांना काळी बॉर्डर मारून ठेवली. टेम्पोला मारली, सूर्यालाही मारली. माझा तर पार रांजण केला. पोरगी आली, बघितलं. चित्र भिंतीकडे फिरवलं आणि चहा न घेताच माळ्यावर जाऊन बसली. आणि हा मला विचारतो, आता कसं उठून दिसतंय!

मी शिव्या दिल्या नाहीत. दंडाला धरून ओट्यावर आणला. शिफ्ट सुटली होती, ऊन कललं होतं. रामनाथ चहावाला किटली घेऊन समोरून चालला होता. मी म्हटलं, याची कड कुठे संपते ते बोट लावून दाखव. नागसेनने बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. उन्हाच्या बाजूची रामनाथची अर्धी पाठ तुसात मिसळून गेली होती.

 मग तो हळू आवाजात म्हणाला, तिचा रंग कधीचा वाळलाय, माझा अजून ओला आहे, टर्पेंटाइनने निघेल. पण आता त्या चित्राला हात लावायची भीती वाटते.

"नाग्या," मी म्हटलं, "तुझ्या पाट्या पुऱ्या भिवंडीत हायेत, तुझ्या हाताला कोण नाव ठेवत न्हाय. पण हा रस्ता पाटी न्हाय, आन् पोरगी तुझं गिऱ्हाईक न्हाय. टर्पेंटाइन आन् फडका घे, माळ्यावर जा. पयलं चुकलो म्हण. मंग ती सांगंल तिथंच पुसायचं, आन् नको बोलली तर हात मागं बांधून गप उभा ऱ्हायचं."