चढासाठी इंजिन

इंजिन अजून दोन बोटे खाली यायला हवे होते आणि ते येत नव्हते. सोमनाथने चेनब्लॉकची साखळी ओढून ते पुन्हा वर उचलले. वरद जिप्सीच्या खाली सरकला आणि बॅटरीच्या उजेडात पाहत राहिला. इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकत होते.

"परत काढायचं?" सोमनाथने वरून विचारले.

"काढावं लागेल. भांडं कापून उथळ करू आणि वेल्ड करून घेऊ."

"मागच्या रविवारी बी हेच म्हणलास."

"मागच्या रविवारी इंजिन धरणाऱ्या माउंटिंगबद्दल म्हणालो होतो."

सोमनाथ हसला नाही. त्याने साखळी अडकवून ठेवली आणि फडक्याला हात पुसत शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. समोर वाळूजच्या कंपन्यांच्या भिंती होत्या आणि भिंतींना लागून भाड्याच्या खोल्यांच्या नव्या चाळी उठत होत्या. दोघे एकाच कंपनीत होते. सोमनाथ फिटर, वरद पदवीनंतर टेस्टिंगला लागलेला. जिप्सी सोमनाथची. कुठल्याशा कार्यालयाच्या लिलावात घेतलेली, कापडी टपाची आणि चारही चाकांना जोर जाणारी. पण तिचे मूळ इंजिन जेमतेम एक लिटरचे, म्हाताऱ्या माणसासारखे सपाटीवर बरे आणि चढावर धापा टाकणारे.

चढाचाच प्रश्न होता. लासूर स्टेशनच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला सोमनाथची वरची वस्ती होती. त्याची चुलती केसरबाई, चुलतभाऊ रामकिसन, शेजारी सांडूचे घर आणि अशीच आणखी थोडी घरे. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. टँकर पायथ्याच्या शाळेपाशी थांबे आणि तिथून बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढत. वाटेच्या वळणांवर ट्रॅक्टर वळत नसे. जिप्सी वळे, पण मागे ट्रॉलीवर हजार लिटरची टाकी लावली की दुसऱ्या वळणाला तिचे रेडिएटर उकळे. म्हणून हे मोठे इंजिन. एका अपघातात चेपलेल्या मोटारीचे ते शहागंजातल्या ओळखीच्या माणसाने मिळवून दिले होते. ताकद जुन्याच्या दुप्पट.

सोमनाथची बायको मोनिका चहा घेऊन आली. उघड्या बॉनेटकडे पाहून म्हणाली, "झालं का सवतीचं न्हाणं-माखणं?"

"होईल, वहिनी. पुढच्या आठवड्यात," वरद गाडीखालून म्हणाला.

"तुमचं गणित लई पक्कं म्हणत्यात. मंग आपला नळ कवा येणार ते बी काढा की जरा."

होळीच्या आधी एकदा इंजिन चालू झाले होते. सगळी गाडी थरथरत होती, पण चालत होती. सोमनाथ म्हणाला होता, "शिमग्याला नेऊ. आवाज करतंय तर करू दे." वरदने चावी फिरवून ते बंद केले होते. एवढ्या हादऱ्यांनी माउंटिंग चढावरच तुटेल, अर्धवट काम घेऊन डोंगरात जायचे नाही. हे खरेच होते. पण त्यानंतर त्याने रेडिएटरही बदलायला घेतले, मग पंख्याची दिशा, मग इंजिन आणखी खाली बसावे म्हणून हे भांडे. एक गाठ सुटली की तिच्याखाली दुसरी दिसे आणि ती दिसली की वरदला जेवणाचीही आठवण राहत नसे.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने चढाचे चित्र काढले होते. तिरकी रेघ, तिच्यावर जिप्सी, मागे ट्रॉली आणि वर जाणारा बाण. वजन, चढ, चाकांवर येणारा जोर, सगळे मांडलेले.

"ब्रेक तेवढे जुनेच राहतात," तो म्हणाला. "आणि ट्रॉलीला तर ब्रेकच नाहीत."

"खाली येताना रिकामीच यायचीय ना? का वस्तीवरनं पाणी आणायचंय शहरात?"

यावर मात्र दोघेही हसले. वरदने ब्रेकच्या ओळीवर काट मारली.

"रामकिसनला कळवलंस?"

"फोन लागत नाय त्याचा. वर रेंज कुठंय? सरळ दारात जाऊन उभं राहू."

अक्षय्य तृतीया होऊन गेल्यावर ते निघाले. ट्रॉली एका ओळखीच्या मंडपवाल्याची होती. त्याला ती संध्याकाळी लग्नाच्या मांडवात हवी होती. लासूरच्या अलीकडे एका बोअरवर त्यांनी टाकी गच्च भरली. पायथ्याच्या शाळेपाशी बायका रस्त्याच्या कडेला हंडे लावून बसल्या होत्या. टँकर आला नव्हता. मागे पाण्याची टाकी पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली आशाबाई हात वर करून पुढे आली. पण चढ तिथूनच सुरू होत होता आणि सोमनाथने वेग धरला होता.

"येताना थांबतो, मावशी!" तो खिडकीतून ओरडला.

पहिले वळण आले आणि गेले. दुसऱ्याला सोमनाथने नुसते वरदकडे पाहिले. वरदची नजर तापमानाच्या काट्यावर होती. काटा मध्यावर उभा होता. मागे सव्वा टनाहून जास्त ओझे होते आणि इंजिन ते भरल्या आवाजात, न कुरकुरता ओढत होते. तिसऱ्या वळणावर वरदने डॅशबोर्डवर हलकेच थाप मारली.

"जितरब हाय हे, जितरब!" सोमनाथ म्हणाला.

वर पोहोचल्यावर त्याने मोठा हॉर्न वाजवला. कोणी आले नाही. त्याने पुन्हा वाजवला. सांडूच्या दाराला कुलूप होते आणि कुलपापुढे बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली होती. पुढच्या दारालाही तशीच फांदी. रामकिसनच्या गोठ्यात दावणी मोकळ्या पडल्या होत्या. अगदी टोकाच्या घरातून दोन शेळ्या बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून केसरबाई, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

"कोन हाय? सोमनाथ व्हय?"

"मी हाय, मोठीमाय. पाणी आणलंय. सगळी कुठंयत?"

म्हातारी टाकीजवळ आली. तिने टाकीच्या काळ्या पोटाला हात लावून पाहिला. "भरलीया की," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न पाहता बोलू लागली. "शिमग्यापातूर वाट पाह्यली समद्यांनी. रामकिसन म्हने, सोमनाथ मोठ्ठं इंजिन बसवून राह्यलाय, मंग पानी दारात येतंय. शिमगा झाला. मंग सांडूचं घर गेलं. मंग त्यो खालच्या दाराचा. मंग आपला रामकिसन."

"गेले कुठं?"

"तुमच्याकडंच की. वाळूजला. माल चढवायचं काम हाय म्हनं कंपनीत."

"वाळूजला? अन् मला भेटला नाय?"

"लाजला असंल. तू त्याच्यापायी राबायलास अन् त्यो तिथंच पळून आला. कोन्त्या तोंडानं भेटंल?"

वरद बॉनेटजवळ उभा होता. पत्र्यातून गरम हवा वर येत होती. शिमगा हा शब्द केसरबाईने दोनदा उच्चारला होता. त्याने ट्रॉलीच्या मागे जाऊन नळाला पाइप लावला आणि तिचे हंडे भरायला घेतले. हंडे भरले, रांजण भरला, शेळ्यांची कुंडी भरली, तव्याएवढ्या थाळ्यासुद्धा भरल्या. मग भांडी संपली. त्याने बोटाने टाकी वाजवून पाहिली. पाण्याची रेघ चार बोटेसुद्धा उतरली नव्हती.

"टाकीच ठेवून जाऊ?" तो म्हणाला.

"ट्रॉली सांजेला द्यायचीय. अन् भरलेली टाकी उतरवणार कोण?"

"अन् ठिवून मी काय करू?" केसरबाई म्हणाली. "लासूरच्या बाजारात ह्या शेरड्या इकल्या की मी बी चालले. दोन हंडे लई झाले मला."

सोमनाथ विहिरीपर्यंत जाऊन आला. विहिरीच्या तळाला भेगा होत्या. तिच्यात सोडलेले पाणी संध्याकाळपर्यंतही दिसले नसते. तो परत येऊन स्टिअरिंगवर बसला आणि त्याने गाडी वळवली. गाडीचे तोंड उताराकडे झाले तेव्हा कुठे वरदला सगळे चित्र दिसले. तीच तिरकी रेघ, तीच गाडी आणि बाण खाली.

"थांब," तो म्हणाला. "हे घेऊन उतरता येणार नाही."

"कामून?"

"ट्रॉलीला ब्रेक नाहीत. मागून एक टन ढकलणार आहे आपल्याला."

"इंजिन धरंल की. एवढं दांडगं बसवलंस."

"इंजिन धरेल, पण मुरुमावर चाकं धरणार नाहीत. वळणावर मागचं ओझं गाडीला आडवं करेल. नळ उघडू. निम्मं तरी सोडू."

"कुठं सोडू?"

वरदने जमिनीकडे पाहिले.

"हितं ओतू?" सोमनाथचा आवाज एकदम खाली आला. "खाली बायका बसल्यात, पाह्यल्यास ना? येताना थांबतो म्हणून बोललोय मी. रिकामी टाकी घेऊन थांबू त्यांच्यापुढं?"

"आणि गाडी दरीत गेली तर? मग कोणाला मिळेल पाणी?"

"तुझं गणित शिमग्याच्या आधी कुठं गेलं होतं?"

हे बोलून झाल्यावर सोमनाथने मान वळवली.

"भांडू नका रे पान्यापायी," उंबऱ्यावरून केसरबाई म्हणाली. "लई भांडनं झालीत हितं."

थोड्या वेळाने सोमनाथ साध्या आवाजात म्हणाला, "तू बसू नको. दगड घेऊन ट्रॉलीच्या चाकाबरोबर चाल. म्हणलं की चाकाम्होरं लाव."

सर्वांत हळू गिअरमध्ये जिप्सी उताराला लागली. वरद छातीशी दगड धरून बाजूने चालत होता. वरचे वळण नीट पार पडले. त्यानंतर वाट जास्त उतरती होती. ट्रॉलीने एकदा धक्का दिला, मग ती ढकलतच राहिली. जिप्सीची मागची चाके न फिरता घसरू लागली आणि तिचे तोंड हळूहळू कड्याच्या बाजूला वळू लागले.

"लाव!"

वरदने दगड टाकला. चाकाने तो आपल्यापुढे रेटत नेला, मुरूम करकरला आणि मग सगळे थांबले. खिडकीतून सोमनाथचे कोपर बाहेर दिसत होते. ते हलत नव्हते. जिप्सीच्या पुढच्या चाकापुढे हातभर वाट होती आणि त्यापुढे काही नव्हते.

मग सोमनाथने चाके वाटेकडे वळवून घेतली आणि मागे न पाहता म्हणाला, "काढ."

वरद दगड काढायला वाकला. नळ त्याच्या खांद्यापाशी होता. त्याने आधी तो उघडला, अर्धा. मग पूर्ण. मग दगड काढला.

पाणी तापल्या मुरुमात लगेच मुरले नाही. धुळीचे गोळे पुढे लोटत ते चाकांच्या चाकोरीतून उतरत गेले. वरद त्यातून चालत होता. त्याच्या चपला जड झाल्या. त्याला हाताने धार अडवावीशी वाटली आणि त्याने हात खिशात घातला. पुढे इंजिनाचा आवाज बदलत गेला. आधीचा ताणलेला सूर सैल होत होत शेवटी नेहमीचा झाला. सोमनाथने एकदाही खिडकीतून मागे पाहिले नाही. "लाव" असेही तो पुन्हा म्हणाला नाही. त्याच्यासारख्या फिटरला तो आवाज कळला नसेल, हे शक्य नव्हते.

सपाटी लागल्यावर सोमनाथने गाडी थांबवली आणि उतरून मागे आला. नळातून थेंब गळत होते. त्याने नळ बंद केला, मग दोन्ही हातांनी आणखी घट्ट आवळला. वरदच्या पायांकडे त्याने पाहिले. ते घोट्यापर्यंत चिखलाने माखले होते.

"दगड किती डाव लावलास?"

"एकदाच."

"बरं."

शाळेपाशी बायका आधीच रस्त्यावर आल्या होत्या. सोमनाथने कबूल केल्याप्रमाणे गाडी थांबवली. आशाबाई पुढे आली.

"मघाशी म्हनूनच हात केला होता रं. वर कोनी न्हाई आता."

"मोठीमाय हाय."

एका तरुण बाईने टाकीवर बोटे वाजवली. पोकळ आवाज आला. तिने पुन्हा वाजवली. "रिकामी हाय की ही," ती म्हणाली. "भरलेली गेली होती ना?"

वरदने दार उघडून एक पाय खाली टाकला. तो काही बोलणार इतक्यात सोमनाथ म्हणाला, "वस्तीला लागलं, मावशी. सगळं लागलं."

आशाबाईने मान वर केली. डोंगराच्या वाटेवर, वळणापासून खालपर्यंत, एक काळी ओली रेघ दिसत होती. तिचे वरचे टोक पांढरे पडू लागले होते. आशाबाईने ती पाहिली, मग दाराबाहेर आलेला वरदचा चिखलाचा पाय पाहिला.

"लागलं असंल," ती म्हणाली. "लई दिसाची तहान हाय."

तिने वाकून आपला हंडा रस्त्यातून उचलला आणि कडेला ठेवला. मग दुसरीने उचलला, मग तिसरीने. त्या तरुण बाईचा हंडा मात्र मधोमध राहिला; ती डोंगराकडे पाहत उभी होती. नवे इंजिन संथपणे चालत होते. सोमनाथने हॉर्न वाजवला नाही.