दोन घराण्यांचा विषाणू

बाळ गेलं तेव्हा ते अकरा आठवड्यांचं होतं, आणि ते कुणामुळे गेलं याचा निकाल घरानं त्याच संध्याकाळी लावून टाकला. बाळाच्या आईची आई आठवड्यापूर्वी त्याला बघायला आली होती आणि दारातच दोनदा शिंकली होती. झालं, एवढा पुरावा पुरला.

"विहीणबाई, नाक पुसत आलात आणि माझा नातू घेऊन गेलात," बाळाची आजी, म्हणजे वडिलांची आई, हॉस्पिटलच्या जिन्यावर दहा माणसांदेखत म्हणाली.

सुनेनं आपल्या आईची बाजू घेतली नाही. उलट तिच्याकडे न बघताच ती म्हणाली, "आई, परत माझ्या दारात येऊ नकोस. तू खाल्लंस माझं बाळ."

त्या बाईनं नुसती मान हलवली आणि कठड्याला धरून जिना उतरली. शिवणकामावर एकटीनं लेक वाढवलेली बाई ती. वाद घालायची तिला सवयच नव्हती.

बाळाची आत्या हे सगळं ऐकत उभी होती. ती विषाणू तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, म्हणून घरात तिचं नावच 'लॅबवाली' पडलं होतं. वहिनीच्या आईनं, तिच्या भाषेत मावशींनी, आजार आणला हे तिलाही पटलं होतं. पण तिला ते कागदावर हवं होतं. बाळाला दाखल केलं त्या दिवशी तिनं स्वतः सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले होते, मावशींच्या घरी जाऊन त्यांचाही. बाळ एक नंबर, वहिनी दोन, दादा तीन, स्वतःची आई चार, मावशी पाच.

बाळाच्या छातीत बसलेल्या विषाणूची दोन घराणी असतात, 'अ' आणि 'ब'. दिसायला रोग एकच, सर्दी, खोकला, धाप. पण आतली पंधरा हजार अक्षरांची ओळ वाचली की दोन्ही हजारो ठिकाणी वेगळी निघतात. शिवाय हा विषाणू स्वतःची नक्कल करताना धांदरटपणा करतो. एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या माणसाकडे जाते. चुका जुळवत गेलं की कुणाचा आजार कुणाकडून आला याचा माग लागतो.

दादा आणि वहिनींचे नमुने कोरे आले. मावशींचा विषाणू 'अ' घराण्याचा होता. बाळाचा 'ब'.

लॅबवालीनं मशीन पुन्हा चालवलं. उत्तर तेच. मग तिनं चार नंबर उघडला. तोही 'ब', आणि बाळाच्या ओळीशी अक्षर न् अक्षर जुळणारा. फक्त एका जागी चार नंबरात दोन अक्षरांची सरमिसळ होती. बरेचसे विषाणू शहरभर सापडणारं जुनं अक्षर घेऊन होते, थोडे नवं. बाळात सगळेच्या सगळे नवे. म्हणजे ती चूक आधी आईच्या घशात झाली आणि तिथून बाळाकडे गेली.

ती घरी आली तेव्हा आई कपाटात चादरी लावत होती.

"आई, बाळ आजारी पडायच्या आधी तुला खोकला होता?"

"घसा खवखवत होता जरा."

"मग बोलली का नाहीस? रोज त्याचे मुके घेत होतीस!"

"बोलले असते तर तुझ्या वहिनीनं हात लावू दिला असता का मला?" आईनं चादरीची घडी दाबून बसवली. मग तिच्या लक्षात आलं. हात थांबले. "कागदावर माझं नाव आहे?"

"नाही. नंबर आहे."

"मग नंबरच राहू दे. त्या बाईला सोसायची सवय आहे. मला नाही सोसायचं ते."

लॅबवाली तीन आठवडे गप्प बसली. तेवढ्यात आईनं शेजारपाजारी त्या दोन शिंका वीस वेळा सांगितल्या. मावशी दोनदा दाराशी आल्या. दुसऱ्यांदा दार लॅबवालीनंच उघडलं आणि सांगितलं, "वहिनी झोपल्यात." वहिनी तिच्या मागे भिंतीला टेकून हातानं 'नको' म्हणत उभी होती.

चौथ्या आठवड्यात वहिनी बाळाचे कपडे आवरायला बसली. आपल्या आईनं शिवलेली झबली तिनं वेगळी काढली आणि कात्रीनं एकेक उभं कापायला लागली. "यांतही तिचे जंतू असतील," ती म्हणाली. पाचव्या झबल्याला लॅबवालीनं तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं.

वहिनीनं आवाज चढवला नाही. "तुम्हाला कधी कळलं, ताई?"

"तीन आठवडे झाले."

"आई दारात आली तेव्हा माहीत होतं?"

"वहिनी, तुम्हीच खूण केली होतीत..."

"मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

दोघी तशाच मावशींच्या घरी गेल्या. दार उघडलं नाही, खिडकी उघडली. मावशींनी नाकातोंडावर फडकं घट्ट बांधलं होतं. आत शिलाई मशीनवर चादर टाकलेली. शिवणकाम त्यांनी सोडून दिलं होतं, कुणाच्या लेकराच्या अंगाला आपल्या हातचं लागायला नको म्हणून.

"लांब उभी राहा गं," त्या लेकीला म्हणाल्या.

लॅबवालीनं कागद गजाला लावून सगळं समजावलं, 'अ' काय, 'ब' काय, कुठलं अक्षर कुठं चुकलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही मनाच्या चांगल्या आहात. माझं मन राखायला एवढा कागद करून आणलात."

"आई, खरंय गं ते! तू नाही काही केलंस!"

"तूच म्हणालीस ना, मी खाल्लं म्हणून? लहानपणापासून तू कधी खोटं बोलली नाहीस." त्यांनी खिडकी लावली आणि आतून कडी घातली.

वहिनी पायरीवर बसली ती उठलीच नाही. रात्री दादा न्यायला आला, तेव्हाही ती गेली नाही. पुढे दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन ती राहू लागली. रोज आईच्या खिडकीशी जायची. खिडकी कधी उघडायची, कधी नाही. फडकं मात्र सुटलं नाही.

दादानं आईला एका शब्दानं विचारलं नाही. बहिणीशी मात्र बोलणं टाकलं. "चांगलं घर फोडलंस तू," एवढंच म्हणाला, आणि आईनं पदरानं डोळे पुसत त्याच्या ताटात वाढलं.