लाल सदऱ्याआडचं मत

मेजर एल्ड्रिजनं जुन्या गोऱ्या मालकांच्या पक्षाचा लाल सदरा स्वतःच्या हातानं रेंटीच्या अंगात चढवला, वर गळ्याचं बटणही लावून दिलं. अमेरिकेत गुलामी सुटून दशक उलटलं होतं, तरी गोऱ्या माणसाची बोटं गळ्याशी आली की रेंटीची नजर अजून आपोआप जमिनीकडे जायची.

"शोभतोय की!" मेजर म्हणाला. "मंगळवारी हाच घालून माझ्याबरोबर मत द्यायला यायचं. नाहीतर खोपटं रिकामं कर. कापूस मग माझा."

अर्धा कापूस अजून झाडावर होता आणि खोपटात रेंटीची म्हातारी आई फिबी अंथरुणाला खिळली होती.

बायकोनं, बायनानं, सदरा पाहिला तसा कण्या ढवळणारा हात थांबला.

"त्यांच्या पक्षाला मत देणार तू?"

"हळू बोल."

"का म्हणून? मला मत आहे कुठे? घरात मत एकच, ते तुझं, माझं आणि मायचं मिळून. ते विकलंस तर मी चालले बहिणीकडे. आणि मायला खांदा कोण देणार? तुझा मेजर?"

हा घाव वर्मी लागला. भजनघराची, म्हणजे सुटलेल्या गुलामांच्या प्रार्थनाघराची, मंडळी आपल्या मेलेल्या माणसाला गात गात न्यायची. मालकांच्या काळात फिबीचा नवरा गोणपाटात गुंडाळून पुरला होता, ना गाणं ना खांदा. तेव्हापासून म्हातारीचा एकच धोशा, मला गात न्या. आणि लाल सदरेवाल्याच्या दाराशी भजनघर फिरकत नव्हतं.

रेंटीनं डोकं चालवलं. चिठ्ठ्या ज्या त्या पक्षाचे लोक वाटत आणि मतदार हातातली चिठ्ठी घडी करून पेटीत टाकी. मंगळवारी त्यानं मेजरची चिठ्ठी सगळ्यांदेखत उंच धरली, पेटीपाशी खोकल्याची उबळ आणली, वाकला, आणि बाहीतली आपल्या, गुलामी मोडणाऱ्या पक्षाची चिठ्ठी आत सरकवली. मेजरनं पाठ थोपटली. बाहेर रस्त्यावर बायका रांगेनं उभ्या होत्या. कुणी थुंकलं, कुणी त्याच्या बापाचं नाव घेऊन हसलं. बायना हसली नाही. घरी येऊन तिनं गाठोडं बांधलं.

पठ्ठ्या मनात खूश होता, मेजरला बनवून मत राखलं म्हणून. आठवडाभरात फिबी गेली आणि खुशी उतरली.

तो बायनाच्या बहिणीच्या दारात गेला आणि बायनाला कानात सगळं सांगून टाकलं. तिनं त्याचा चेहरा निरखला आणि ती रडू लागली.

"खरं आहे. तुझा चेहरा मला कळतो."

"मग चल. मंडळींना सांग."

"मी नाही. तू सांगायचंस. उद्या सगळ्यांसमोर, मोठ्यानं."

"मेजर खोपटातून काढेल ना!"

"काढेल. मलाही ठाऊक आहे. बाहेर काढलं तर मी तुझ्याबरोबर रस्त्यावर येईन. पण तुला लाल सदऱ्यात बघून आमच्यातली किती जणं घाबरून तिकडे गेली, माहितेय? ती मतं कशी परत आणशील?"

दुसऱ्या दिवशी मेजरनं मोठ्या मनानं खेचरगाडी धाडली, सोबत मुकादम. "आपला माणूस आहे," असा निरोपही धाडला. सदरा घालूनच ये, हेही त्यात होतं. रेंटीनं एकट्यानं पेटी ओढत गाडीवर चढवली. त्या पेटीत त्याची आई होती आणि ती लाकडाच्या ओंडक्यासारखी घासत गेली.

कुंपणापलीकडे भजनघराची मंडळी उभी होती. सहा पुरुष, खांद्यावर पंचे टाकून तयार. त्यांना बायनानंच आणलं होतं. बायका ओठ मिटून होत्या, गाणं ओठांवरच थांबलेलं.

"रेंटी," बायना म्हणाली, "बोल."

मुकादमानं कासरा सैल सोडून मागे पाहिलं. त्याच्या खांद्यावरून रेंटीला शेत दिसत होतं, पांढरंशुभ्र, वेचायला आलेलं. गळ्याचं बटण टोचत होतं. एकच वाक्य होतं आणि ते जिभेवर आलंही होतं. मायनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं. पलीकडे सहाही जण एक पाऊल पुढे आले.

"गाडी हाक," तो मुकादमाला म्हणाला.

चाकं करकरली. बायना पाठ फिरवून चालू लागली, तिच्यामागून सगळी मंडळी. गाडीमागं चालताना रेंटीनं आईसाठी गाणं धरायचा प्रयत्न केला, पण मुकादम ऐकत होता, म्हणून तो मनातल्या मनात गायला.