गाव कोरडा झाला

एकोणीसच्या महापुरानंतर आमच्या अब्बानं गावातल्या घराघरावर रेघ मारली. अब्बा पेंटर हाय. पाणी जिथंवर चढलं तिथं लाल ऑइलपेंटची रेघ, खाली तारीख. लोकांना त्याची लई ऐट. पावणं आलं की रेघेला पाठ लावून फोटो काढायचं. हंबीरराव मेंबरची रेघ दाराच्या चौकटीच्या वर, तर ते सांगत फिरायचं, "आमच्यात सगळ्यात जास्त!" जसं काय कुस्तीच मारली.

आणि आता तेच लोक अब्बाला बोलवून रेघा पुसून घ्याय लागलेत.

कारण पुराचा नवीन आराखडा यायचाय. पाणी जिथंवर आलतं तिथंवर नकाशावर लाल लाईन, आणि लाईनीच्या आत बांधकाम बंद. मग काय, अख्खा गाव कोरडा झाला की!

हंबीररावांची भिंत मीच घासत हुतो. म्हटलं, "पाणी आलतं न्हवं?"

"कवा?"

"आवो, तुमी पत्र्यावर बसून बोंबलत हुतासा. मी बघितलंय की."

"लई बोलतोस रं मुनव्वर. शाळा सोडलीस तवाच कळलं हुतं."

ह्यांचा डोळा डबऱ्यावर. गावाला लागून लव्हाळ्याचं मोठं डबरं हाय, साहेबलोक त्याला पाणथळ म्हणत्यात. नदी फुगली की पाणी पयलं तिथं मुरतं, तिथं मावलं न्हाय की गावात घुसतं. ते मुरमानं भरून मेंबरला प्लॉट पाडायचेत. आणि डबऱ्याकडनं पयलं घर आमचं. डबरं भरलं की पुढचा पूर सरळ आमच्या चुलीत.

मी अब्बाला म्हटलं, आपली रेघ पुसायची न्हाय.

"सिकंदरचं लगीन ठरलंय," अब्बा म्हणला. "वर खोली बांधल्याबिगर पोरीकडचं तारीख देईनात. घर लाईनीत आलं तर परवानगी कोण देणार? तू?"

सिकंदर माझा थोरला भाऊ, कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं ब्रश घेतला आणि आमची रेघ पांढरी केली. माझं डोस्कं असलं फिरलं!

मग आराखड्याच्या मॅडम आल्या. समाजमंदिरात टेबलावर नकाशा पसरला आणि विचारलं, "पाणी कुणाकुणाच्या घरात आलं होतं?"

शेजारची आक्का म्हणली, "अंगणात जरा ओल हुती." हिच्या दोन म्हशी त्याच पाण्यात गेल्या, रडून गाव गोळा केलता हिनं!

"आणि मागच्या पाणथळीत?"

"ते पावसाचं साचतंय ओ," हंबीरराव म्हणलं. "नदीचा काय संबंध न्हाय."

मला ऱ्हावलंच न्हाय. उठलो. "मॅडम, आमच्या घरात आलतं. डबरं भरलं आणि तिथनं सरळ आत. अम्मीला माळ्यावर चढवली हुती. आमच्या घरावरनं लाईन ओढा."

"मॅडम, सोडा त्याला. नववी नापास पोरगं हाय," हंबीरराव मधीच म्हणलं.

"नापास न्हाय, सोडली," मी म्हटलं. "आणि पाण्यानं काय दाखला मागितला न्हवता!"

मॅडमनी अब्बाकडं बघितलं. "तुमचा मुलगा? खरं बोलतोय?"

अब्बानं सिकंदरकडं बघितलं, मग माझ्याकडं. गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. "व्हय. आलतं. माळ्याला टेकलं हुतं."

मॅडमनी आमच्या घरावर पेन्सिलीनं ठिपका दिला आणि गावाकडं बघून म्हणाल्या, "यांच्याकडं माळ्यापर्यंत, आणि शेजारी नुसती ओल? उद्या परत मोजणी करू. पाणथळीपासून."

एकदम गलका उठला. हंबीरराव अब्बावर ओरडलं, "तुझी खोली गेली रं रंगाऱ्या!" ज्यांच्या भिंती आम्ही घासल्या ते समदे आमच्याकडं असं बघत हुतं, जसं काय पूर आम्हीच आणलाय.

भायेर सिकंदरनं मला गाठलं. "आता पोरीकडं कोण जाणार सांगाय?"

"मी जातो की. भितो काय?"

"काय सांगणार?"

"सांगतो, वर खोली हुणार न्हाय. आणि इचारतो, डबरं बुजवून तुमची पोरगी दर पुरात आमच्या माळ्यावर बसवायची हाय काय?"

त्यानं गाडीला किक मारली आणि मला तिथंच सोडून गेला. अब्बा मागनं आला आणि चालला माझ्याच संगं.