टपावरची थाप

शहराने आपल्या सगळ्या सिग्नलच्या तोंडांवर गोणपाट बांधलं होतं. शर्यत चालू असताना एखादा लाल-हिरवा दिवा मध्येच चमकला आणि ड्रायव्हरची नजर तिकडे गेली तर भलतंच होऊन बसायचं, म्हणून हा बंदोबस्त. एरवी जिथे बस, सायकली आणि शाळेच्या गाड्या एकमेकींना कोपरं मारत जातात, त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना आता छातीएवढ्या काँक्रीटच्या भिंती होत्या आणि भिंतींवर तारेची जाळी. गटारांची झाकणंसुद्धा वेल्डिंग करून पक्की केली होती. वेगाने जाणाऱ्या गाडीखाली हवेचा दाब इतका कमी होतो की लोखंडी झाकण वर ओढलं जातं.

शर्यतीच्या सकाळी या रस्त्यावरून पायी एक फेरी मारायची, ही त्यांच्या घरची रीत. घरची म्हणायचं कारण, टीम म्हणजे जवळजवळ घरच होतं. काका गाडी चालवायचा, बाबा मुख्य मेकॅनिक, आणि विज्ञान शिकून आलेली ती म्हणजे रेडिओवरून काकाशी बोलणारी इंजिनियर. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारायची म्हणून काकाने तिला मास्तरीण नाव ठेवलं होतं. ते सगळ्या वर्कशॉपने उचललं. दर वर्षी फेरीला तिघं असायचे. यंदा दोघंच.

काकाने झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर बूट घासून पाहिला.

"हा रंग बघ. कोरडा असला तरी साबण आहे नुसता. इथे ब्रेक लावला की मी थेट त्या शिंप्याच्या दुकानात."

"दुकान बंद आहे आज."

"मग माप कोण घेणार?"

ती हसली. इथे तिसऱ्या माणसाने काहीतरी तिरकस बोलायचं असतं, तेवढी जागा आपोआप मोकळी राहिली होती.

बाबा गेले त्याला महिना उलटून गेला होता. गाडीखालून बाहेर आले, एका जुन्या टायरवर बसले, "जरा घाम आलाय" म्हणाले, आणि तेवढंच. हातातला पाना कुणालातरी बोटं सोडवून काढून घ्यावा लागला.

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे वस्ताद म्हणत. काका त्यांना दादा म्हणायचा, आणि काकाचा या माणसावर किती विश्वास होता ते पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यात, दिसायचं. गाडी चाकं बदलायला आत आली की चौघं चार चाकांवर तुटून पडत. बाबा कशालाही हात लावत नसत. ते गाडीभोवती नजर फिरवत, चारही नट घट्ट बसल्याची खात्री करत, आणि गाडी जमिनीवर टेकली की टपावर तळहाताने दोनदा थाप मारत. आतून काकाचा डावा अंगठा वर व्हायचा आणि गाडी सुटायची. इतकी वर्षं काका बाहेर बघायचाच नाही. डोळे समोर, कान टपाकडे. "दादाची थाप पडली की जायचं, एवढंच मला कळतं," असं तो पत्रकारांनाही सांगायचा. त्यावर बाबा म्हणायचे, "लोक बोलून थापा मारतात, मी हाताने मारतो."

दिव्याची कल्पना मास्तरणीची. नट आवळायच्या चारही गनवर एकेक बटण, नट बसला की दाबायचं. चार बटणं दाबली गेली की काचेसमोरच्या खांबावर हिरवा दिवा लागणार. सोपं आणि हातापेक्षा जलद. बाबांनी जोडणी उलटसुलट तपासली होती, नाक खुपसून वास घेतल्यासारखी. "चांगला आहे की," म्हणाले होते. "पुढच्या वर्षी लावू. तोवर माझा हात आहे."

तोवर हात राहिला नाही, आणि दिवा याच वर्षी लावावा लागला. वर्कशॉपच्या अंगणात सराव झाला. काका एकदाही चुकला नाही. हिरवा लागला की गाडी सुटायची. मास्तरणीने आकडे पाहिले आणि तिचं मन निश्चिंत झालं. तिच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. अंगणातल्या सरावात काका हेल्मेट न घालता बसायचा, काच खाली करून, पोरांशी चेष्टा करत. तो सराव गाडी हलवण्याचा होता. हेल्मेटच्या आतल्या माणसाचा सराव कुणीच घेतला नव्हता.

दुपारी आईचा फोन आला. आई शर्यत कधीच बघायची नाही, पण फोन चुकवायची नाही.

"जेवलात का दोघं?"

"हो गं."

"आणि थाप कोण मारणार त्याला?"

"आई, सांगितलं होतं ना. आता दिवा आहे."

"हो, सांगितलं होतंस," आई म्हणाली. "बरं."

वर्षभराच्या शर्यतींनंतर पहिल्या दोघांचे गुण अशा बेताचे झाले होते की हिशेबाला बसायची गरजच नव्हती. काका आणि पांढऱ्या गाडीचा एक तरुण, यांच्यात आज जो पुढे, अजिंक्यपद त्याचं. काका याआधी तीनदा दुसरा आला होता. चषकांच्या कपाटात दुसऱ्या क्रमांकाचे तीन चषक ओळीने उभे होते आणि त्यांच्या शेजारी बाबांनी एक जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती. काकाने जाहीर केलं होतं, हे शेवटचं वर्ष. मानेचं दुखणं आता ऐकत नव्हतं.

"ताई, आज कपाट भरणार," जॅकवरचा पैलवान मास्तरणीला म्हणाला. नावाचा नव्हे, अंगाने पैलवान. पुढून एका दणक्यात गाडी उचलायचं काम त्याचं.

"आधी नियम सांग. शर्यत संपल्यावर?"

"पहिल्या तीन गाड्या दोरीच्या आत. तपासनिसांची मापं होईपर्यंत आपल्यापैकी कुणी बोट लावायचं नाही."

"लावलं तर?"

"निकालातून नाव कट. ताई, पाढे पण म्हणून दाखवू का?"

"मागच्या वेळी तू आरसा पुसायला निघाला होतास."

"घाण होता हो!"

शर्यत सुटली तेव्हा बाल्कन्यांमधून माणसं ओथंबली होती. काका पहिल्या वळणालाच पुढे निघाला. भिंतींच्या मधून बावीस गाड्यांचा आवाज असा येत होता की कानांपेक्षा छातीत जास्त वाजावा. या रस्त्यावर ओव्हरटेक करणं म्हणजे बोळातून पलंग नेण्यासारखं. जागा नसते, तरी प्रयत्न करणारे भिंतीला रंग देऊन जातात. म्हणजे सगळा खेळ पिटमध्ये ठरणार. चाकं एकदा बदलावीच लागत, तसा नियमच होता. पांढरी गाडी आत जाऊन आली. तिचं काम बरं झालं, फार चांगलं नाही.

"काका, या फेरीला आत ये. घाई नको, आपण पुढे आहोत."

"येतो. चहा टाका."

गाडी खुणेवर अचूक थांबली. पैलवानाने उचलली. चार गन एका सुरात किंचाळल्या. चौघांपैकी कुणाचा नट अडकला नाही, कुणाचा पाय घसरला नाही. वर्षभरातलं सगळ्यात देखणं काम झालं. गाडी खाली टेकली. हिरवा दिवा लागला.

गाडी जागची हलली नाही.

मास्तरणीने आधी खांबाकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. मग तिने काचेतून काकाकडे पाहिलं. हेल्मेट समोर वळलेलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मान अगदी किंचित, एका बाजूला, वर कललेली. वर पत्रा होता.

"काका, हिरवा! जा! काका, जा!"

चाकांवरचे चौघं मागे सरून उभे. पैलवान जॅक हातात धरून तोंड उघडं टाकून बघत होता. तेवढ्यात गाडी एकदम सुटली, टायर जाळत, आणि पिटच्या तोंडातून बाहेर पडली. ती बाहेर पडायच्या जरासं आधी पांढरी गाडी समोरून सरळ निघून गेली होती.

त्यानंतरच्या फेऱ्या काकाने जशा मारल्या तशा त्याने आयुष्यात मारल्या नसतील. पांढऱ्याच्या बंपरला नाक लावून तो प्रत्येक वळणावर डोकावत होता. झेब्रावर त्याची मागची चाकं सुटायची आणि तो ती परत ओढून आणायचा. पण पुढचा पोरगाही कच्चा नव्हता. त्याने दार उघडलं नाही. रेडिओवर मास्तरीण अंतराचे आकडे सांगत राहिली, कारण दुसरं काय सांगायचं ते तिला कळत नव्हतं.

शेवटच्या फेरीत रेडिओ खरखरला.

"मास्तरीण."

"बोल, काका."

"दिवा नीट चालला तुझा. स्पष्ट दिसला."

तिने बोलायचं बटण दाबलं, आणि सोडून दिलं.

पांढरी गाडी आधी, मग काका. मध्ये एका गाडीचीही जागा नव्हती.

दोरी बांधलेल्या चौकात तीन गाड्या उभ्या राहिल्या. एरवी तिथे रिक्षा उभ्या राहत असाव्यात. जमिनीवर तेलाचे जुने डाग होते. पांढऱ्या गाडीतून पोरगा उडी मारून बाहेर आला आणि माणसांच्या लाटेत गडप झाला. तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हरही उतरला. काका उतरला नाही.

इंजिन बंद होतं. हात स्टिअरिंगवर. हेल्मेट तसंच.

कुरळ्या पिकल्या केसांच्या मुख्य तपासनीस बाई खिडकीशी वाकल्या. "सर, उतरा. वजन घ्यायचंय." त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं. तेवढ्यात जिंकलेला पोरगा गर्दीतून सुटून हस्तांदोलन करायला आला, त्याने खिडकीतून आत पाहिलं, आणि पुढे केलेला हात तसाच मागे घेऊन टोपी काढून बाजूला उभा राहिला.

"डॉक्टरांना बोलवायचं का?" बाईंनी दोरीपलीकडे बघत विचारलं.

"नको," मास्तरीण म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही."

पण ते खरं नव्हतं हे तिला दिसत होतं. मान अजून तशीच कललेली होती. काका अंत्यविधीत रडला नव्हता. दुसऱ्या दिवशीच वर्कशॉप उघडून, झाडून काढून, "चला, शर्यत आहे" म्हणाला होता, आणि सगळ्यांनी त्याला कणखर म्हटलं होतं. तिनेही. तिने बाबांच्या हाताऐवजी दिवा लावला आणि सगळं जागच्या जागी बसलं असं मानलं. आणि हा माणूस महिनाभर, चालत्या गाडीत काय आणि उभ्या गाडीत काय, त्या हाताची वाट बघत बसला होता.

ती दोरीखालून वाकली.

"ताई!" पैलवान मागून ओरडला. "ताई, बोट नाही लावायचं! तुम्हीच..."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "मॅडम, तिथेच थांबा. नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

चार पावलांवर गाडी होती. टप अजून तापलेला होता, त्याची धग हात टेकायच्या आधीच लागली. तिने याआधी कधी थाप मारली नव्हती. बोटांनी वाजवायचं की पूर्ण पंजाने, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने पूर्ण पंजा उगारला आणि मारला. एकदा. मग पुन्हा एकदा.

आवाज सगळ्या चौकाने ऐकला.

आत काकाची कललेली मान सरळ झाली. मग स्टिअरिंगवरून डावा हात सुटला, वर आला, आणि अंगठा उभा राहिला. मग डोकं हेल्मेटसकट स्टिअरिंगवर टेकलं. काकाने हेल्मेट काढलं नाही, आणि आतून येणारा रडण्याचा आवाज त्यामुळे लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरातून यावा तसा येत होता. ती खिडकीशी उभी राहिली. बाईंनी वजनकाट्यावरच्या पोरांना हातानेच थांबवलं.

बऱ्याच वेळाने बक्कल सुटल्याचा खटका आला आणि दार उघडलं.

"तुम्ही गाडीला हात लावलात," बाई मास्तरणीला म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण शब्द पक्के. "मी पाहिलंय. मला लिहावं लागेल."

"लिहा."

"दुसरा क्रमांक जाईल."

काकाने हेल्मेट काखेत धरलं आणि बाहीने चेहरा पुसला. "जाऊ दे, मॅडम," तो म्हणाला. "तीन आहेत घरी."

पैलवानाने गाडी ढकलत परत आणली. तो मास्तरणीजवळून जाताना पुटपुटला, "आणि मला आरसा पुसू देत नव्हतात."

संध्याकाळी दोघं पायी मुक्कामाकडे निघाले. क्रेन काँक्रीटच्या भिंती उचलून ट्रकवर चढवत होती. कपाटातली ती रिकामी जागा आता काय ठेवून भरायची, असा विचार मास्तरणीच्या मनात आला आणि तिने तो तिथेच सोडला. शिडीवर चढलेला एक माणूस सिग्नलवरचं गोणपाट सोडत होता.

"जोरात मारलीस गं," काका म्हणाला. "दादा एवढ्या जोरात नाही मारायचा."

"इंजिन बंद होतं ना. बाबा मारायचे तेव्हा चालू असायचं. म्हणून आज जोरात वाटली."

काकाने यावर थोडा विचार केला.

"असेल," तो म्हणाला.

ते चालत राहिले. तिचा उजवा तळवा अजून चुरचुरत होता. तिने तो खिशात घातला नाही.