किशमिशचं बी

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही समरकंदजवळच्या आमच्या गावात, एर्गाश बोबोंच्या अंगणात उभे आहात. बोबो म्हणजे आजोबा. वर जुन्या द्राक्षवेलीचा मांडव, खाली सारं गाव, मधोमध मिरसलीम तबीब, म्हणजे गावोगाव फिरणारे वैद्य. आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

तबीबांनी बोबोंच्या वेलीचा घोस तोडून रुमालाखाली ठेवला, दाढी हलेल अशी फुंकर मारली आणि द्राक्षं वाटली. तशीच हिरवी, तशीच टपोरी, पण एकातही बी नाही. शेजारच्या सबोहत मावशींना तर नवलाने रडूच फुटलं.

मग तबीबांनी पुरचुंडी सोडली. किशमिश, म्हणजे आमचं बिनबियांचं बारीक द्राक्ष. पण हे म्हणे टपोऱ्या किशमिशचं बी! एका बीला एक कोंबडी. अट एवढीच, की घरची बियांची वेल शापित, ती आधी कापायची.

बोबोंच्या तोंडात दात उरलेले दोन, आणि बी नेमकं त्यांच्यातच अडकायचं. सबोहत मावशींच्या घरची किशमिश बोबोंना अगदीच बारीक, मटाराएवढी वाटे. त्यांनी करवत काढली. त्यांची नात हुलकार उन्हाळाभर त्याच वेलीखाली झोपायची. ती बुंध्याला मिठी मारून उभी राहिली.

"बोबो, ज्याला बीच नाही, त्याचं बी यांना मिळालं कुठून?"

करवत थांबली.

"माझ्या फुंकरीतून, पोरी," तबीब म्हणाले.

"मग वेलीवरच्या घोसावर फुंका. तोडायचा नाही, झाकायचा नाही."

गावाला ते पटलं. तबीब तिवईवर चढले आणि फुंकू लागले. गाल फुगले, कान लाल झाले, डोळे फिरले. बोबोंनी त्या घोसातलं एक द्राक्ष चावलं. बी अडकलं.

तेवढ्यात तबीबांचा तोल गेला, आणि झग्याच्या बाहीतून बोबोंच्या वेलीचा मघाचा घोस खाली पडला. वाटलेली द्राक्षं शहरच्या बाजारातली होती. सबोहत मावशींनी बाही धरून ठेवली तेव्हा तबीबांनी पुरचुंडीचंही कबूल केलं: मागच्या गावात लोकांनी थुंकलेल्या बिया होत्या त्या.

मी शाळेत झाडंझुडपं शिकवतो, म्हणून सांगतो. किशमिशमध्ये बी धरतं, पण कोवळं असतानाच त्याची वाढ थांबते. हा गुण वेलीला वारशाने मिळालेला असतो. वाढतं बीच गराला 'फुग' म्हणतं. ते थांबलं की द्राक्ष बारीक राहतं. टपोरी बिनबियांची जातही होते, पण किशमिशचे पराग मोठ्या द्राक्षाच्या फुलावर घालून, निघालेल्या रोपांतून वर्षानुवर्षं निवड करून. फुंकरीने चहा निवतो, एवढंच. म्हणून कुणी रुमाल झाकला, की आधी म्हणा, उघडा.

बोबोंनी करवत खाली ठेवली, पण तोंड पाडून बसले. हुलकार सबोहत मावशींकडे गेली आणि म्हणाली, "थंडीआधी वेल छाटाल तेव्हा आम्हाला एक कलम द्या. बारीक तर बारीक." मग परत येऊन तिने मांडवावरचा घोस काढला, बोबोंजवळ बसली, आणि एकेक द्राक्ष चिरून, बी काढून त्यांना भरवू लागली.